लॅग कोणाच्या माथी?

परवा रविवारी भाच्याने घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर माइनक्राफ्टचा सर्व्हर उभा केला. चार मित्र आपापल्या घरून जोडले गेले, तलवारबाजी सुरू झाली. तासाभराने हा धावत आला, "मामा, सगळे म्हणतायत लॅग येतोय!" गंमत म्हणजे याला स्वतःला काडीचा त्रास नव्हता. सर्व्हर त्याच्याच टेबलाखाली, त्यामुळे साहेब धडाधड जिंकत होते. बोंब होती ती बाकीच्या चौघांची.

ही तक्रार तशी फार जुनी आहे. डिसेंबर १९९३ मध्ये 'डूम' आला तेव्हा सर्व्हर वगैरे भानगडच नव्हती. चारही कॉम्प्युटर सेकंदाला ३५ वेळा एकमेकांना आपली बटणं कळवायचे, आणि सगळ्यांची आल्याशिवाय कोणीच पुढे सरकायचं नाही. एकाचं मशीन रखडलं की चौघंही रखडले. न्याय म्हणाल तर शंभर टक्के! (पहिल्या आवृत्तीत ही पॅकेटं नेटवर्कवरच्या यच्चयावत मशीनना जायची, त्यामुळे ऑफिसांची नेटवर्कं आडवी पडायची. पुढे ते सुधारलं.)

जून १९९६ मध्ये त्याच कंपनीचा 'क्वेक' आला आणि चित्र पालटलं. आता खरं जग एका सर्व्हरवर. तुम्ही बटण दाबायचं, ते सर्व्हरकडे जाणार, तिथून उत्तर येणार, मग तुमचा माणूस पाऊल टाकणार. ऑफिसच्या नेटवर्कवर हे लोण्यासारखं चालायचं. पण साध्या मोडेमवर जाऊन-येऊन ३०० मिलिसेकंद सहज जायचे. म्हणजे वळायचं ठरवलं की तिसरा हिस्सा सेकंदाने वळणार, तोवर भिंतीवर आपटलेले. ज्याच्या मशीनवर सर्व्हर, त्याला मात्र उशीर शून्य.

त्या ऑगस्टमध्ये जॉन कारमॅकने आपल्या जाहीर कामाच्या टिपणात चूक चक्क कबूल केली. हिशोब २०० मिलिसेकंदांच्या आतल्या जोडणीचा धरला होता, आणि स्वतःच्या घरी टी-१ लाइन असल्यामुळे मोडेमवाल्यांचे हाल त्याला माहीतच नव्हते, असा त्याचा मथितार्थ. मला हे टिपण फार आवडतं. आपल्या धंद्यात "माझ्या मशीनवर तर चालतंय" म्हणणारे पायलीचे पन्नास. माझं मशीनच चुकीचं होतं असं म्हणणारा विरळा.

त्याने काढलेला उपाय त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये 'क्वेकवर्ल्ड'मध्ये आला. सर्व्हरच्या उत्तराची वाट न बघता तुमच्या कॉम्प्युटरने अंदाजाने पाऊल टाकून द्यायचं, उत्तर वेगळं आलं तर गुपचूप दुरुस्त करायचं. चालणं सुधारलं, पण नेमबाजीचा प्रश्न उरलाच, कारण समोरचा शत्रू दिसतो तो थोडा आधीचा. 'हाफ-लाइफ'वर काम करणाऱ्या यान बर्नियरने २००१ च्या निबंधात यावरची युक्ती मांडली. गोळीचा निकाल लावताना सर्व्हरने घड्याळ मागे फिरवायचं आणि नेमबाजाला शत्रू जिथे दिसत होता तिथे ठेवून बघायचं. झकास! फक्त, जो बिचारा भिंतीआड पोचलासुद्धा होता, तो भिंतीआड मरतो. उशीर कुठे गेला नाही, एकाच्या खात्यातून दुसऱ्याच्या खात्यात वळता झाला.

१९९७ च्या 'एज ऑफ एम्पायर्स'चा मार्ग आणखी निराळा. तिथे तुमचा हुकूम अमलात यायचा तोच मुळी दोन फेऱ्या उशिरा, अगदी तुमच्या स्वतःच्या मशीनवरही. त्या मंडळींना आढळलं की पाव सेकंदाचा उशीर लोकांना कळतसुद्धा नाही, फक्त तो कायम सारखा हवा. कधी पटकन, कधी रखडत, हे मात्र कोणी खपवून घेत नाही.

असो, भाच्याकडे येऊ. माइनक्राफ्टचं जग सेकंदाला २० पावलं टाकतं, म्हणजे एका पावलाला ५० मिलिसेकंद. मशीन कमी पडलं तर अख्खं जगच मंदावतं आणि सर्व्हर लॉगमध्ये तशी कुरकुर करतो. लॉग स्वच्छ होता. राउटरला पिंग केलं, एक मिलिसेकंद. बाहेर पिंग केलं तर ९०० च्या वर! एरवी वीस असतं.

इथे मला जिम गेटिस आठवला. २०१० मध्ये घरून मोठ्या फाइली चढवताना याच्या लक्षात आलं की पिंग एक सेकंदाच्या वर जातंय. कारण काय, तर मेमरी स्वस्त झाली म्हणून मोडेम-राउटरवाल्यांनी आत प्रचंड रांगा ठेवल्या. पॅकेट टाकून द्यायचं नाही, रांगेत उभं करायचं. आता १ मेगाबिटच्या अपलोडवर २५६ किलोबाइटची रांग भरली तर शेवटच्या पॅकेटला दोन सेकंद तिष्ठावं लागतं. गेटिसने या दुखण्याला 'बफरब्लोट' नाव दिलं. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी 'कोडेल' काढला. हा रांगेची लांबी मोजत नाही, पॅकेट किती वेळ ताटकळलं ते बघतो, आणि फार झालं की पॅकेटं टाकून पाठवणाऱ्याला दमात घेतो. त्याचाच भाऊ 'एफक्यू-कोडेल' प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग देतो, त्यामुळे एका धटिंगणामागे सगळे अडकत नाहीत.

आमच्या घरचा धटिंगण सापडला. ताईचा फोन! लग्नाचे सातशे फोटो आणि व्हिडिओ मुकाट्याने वर चढवत होता. डाउनलोड रिकामं, म्हणून घरात कोणाला पत्ताच नाही.

नशिबाने राउटरमध्ये एफक्यू-कोडेलची सोय होती. ती चालू केली आणि अपलोडची मर्यादा खऱ्या वेगाच्या नव्वद टक्क्यांवर आणली, म्हणजे रांग मोडेमात न लागता राउटरच्या ताब्यात राहते. फोटो चढतच होते, पण पिंग तीसच्या आत. चौघं परत आले, आणि पहिल्या दहा मिनिटांत भाचा तीनदा मेला.