आमच्या घराच्या मागची गल्ली

आमच्या गिरगावातल्या चाळीच्या पुनर्विकासाची बोलणी सुरू आहेत. (हे वाक्य मी शाळेत असल्यापासून ऐकतेय, पण या वेळी खरंच एक आर्किटेक्ट येऊन मोजमापं घेऊन गेला!) त्यामुळे गेल्या रविवारी बाबांनी माळ्यावरची ट्रंक खाली काढली. भाडेपावत्या, लाइटबिलं, आजोबांच्या नावचं रेशनकार्ड आणि घरमालकाने कधीतरी दिलेली महापालिकेच्या करबिलाची झेरॉक्स. "तू कॉम्प्युटरवाली ना, हे सगळं एकदा नीट लावून ठेव," असा हुकूम सुटला. इंजिनियरिंगची डिग्री आमच्या घरात अशाच कामाला येते.

त्या बिलात करांची ही मोठी यादी होती. सर्वसाधारण कर, जल कर, मलनिःसारण कर, वृक्ष उपकर, पथ कर... आता मला एक वाईट सवय आहे. लॉगमध्ये एखादी ओळ दिसली की ती कुठून आली हे शोधल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून १८८८चा मुंबई महापालिका कायदा उघडला. दुरुस्त्या होत होत तोच कायदा आजही लागू आहे. मूळ कायद्यात सर्वसाधारण कर होता, पाणीपट्टी होती आणि तिसरं नाव होतं 'हलालखोर कर'. पुढे दुरुस्त्या झाल्या, ते नाव गेलं आणि मलनिःसारण कर आला.

हलालखोर म्हणजे मैला उचलणारे सफाई कामगार. 'कष्टाचं, हक्काचं खाणारा' असा त्या शब्दाचा अर्थ. अबुल फज़लच्या 'आईन-ए-अकबरी'त म्हटलंय की सफाई करणाऱ्यांसाठी हा शब्द अकबराने रूढ केला. नाव सन्मानाचं दिलं, काम मात्र तेच ठेवलं. (डेसिग्नेशन बदलून पगार तोच ठेवायची युक्ती कॉर्पोरेटवाल्यांनी शोधलेली नाही तर!)

त्याच कायद्यात आणखी एक शब्द सापडला आणि तिथे मी थांबलेच. 'हाऊस गल्ली'. आमच्या भाषेत घरगल्ली. कायद्याने तिची व्याख्याच केली आहे. सांडपाणी वाहून नेण्यासाठी, किंवा संडास-मोरीपर्यंत सफाई करणाऱ्या माणसांना पोचता यावं म्हणून राखून ठेवलेली जागेची पट्टी.

गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वरकडे राहिलेल्यांना घरगल्ली समजावून सांगायला नको. दोन चाळींच्या पाठी एकमेकींकडे, आणि मध्ये जेमतेम एक माणूस चालेल एवढी फट. वरून सगळ्या मजल्यांचे पाइप उतरतात. ऊन कधी पोचत नाही. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी तिकडेच उघडते आणि लहानपणी मी त्या खिडकीतून केळ्याची सालं, खरकटं, पेन्सिलीची टरफलं, सगळं खाली टाकलेलं आहे. मीच नाही, सगळेच टाकायचे. आजीच्या पिढीत त्या गल्लीला एक नाव होतं. त्यात जातीचा उल्लेख होता, म्हणून ते इथे लिहीत नाही. पण ते नाव घरात सहज घेतलं जायचं आणि त्यात काही चुकतंय असं कुणाला वाटायचं नाही, हे मात्र लिहायला हवं.

ही गल्ली बांधली का, हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

१८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं. तिथला कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मुंबईच्या बंदरातून जाणारा कापूस हवाहवासा झाला. मुंबईत पैशांचा पूर आला. १८६४च्या शिरगणतीत शहरात ८,१६,५६२ माणसं मोजली गेली. त्याआधी १८६०मध्ये विहार तलावाचं पाणी नळाने शहरात आलं होतं. पण घरात पाणी आणलं तेव्हा ते बाहेर कुठून जाणार याचा बंदोबस्त मात्र केलाच नव्हता! इनपुटची पाइपलाइन चकाचक आणि आउटपुटच्या नावाने शंख. उघडी गटारं तुंबली आणि वस्तीतली जमीन सांडपाण्याने भिजून गेली.

१८६५मध्ये आर्थर क्रॉफर्ड पहिला म्युनिसिपल कमिशनर झाला (तोच तो, क्रॉफर्ड मार्केटवाला) आणि डॉ. हेवलेट आरोग्य अधिकारी. झाडू, बैलगाड्या, गटारं, सगळ्यांना एक खातं मिळालं. क्रॉफर्डने खर्च इतका केला की करदाते भडकले आणि १८७१मध्ये त्याला जावं लागलं. पुढे कॅप्टन टुलक नावाच्या इंजिनियरने शहरासाठी बंदिस्त गटारांचा आराखडा मांडला. वरळीच्या लव्हग्रोव्हला सगळं सांडपाणी नेऊन समुद्रात सोडायची व्यवस्था पुढच्या दशकांत उभी राहिली. लव्हग्रोव्हचं पंपिंग स्टेशन आजही तिथेच आहे.

पण जमिनीखालची गटारं सगळ्या शहरात एका दिवसात पोचली नाहीत. ती पोचेपर्यंत, आणि कित्येक ठिकाणी नंतरही, टोपलीचे संडास होते. संडासाच्या मागच्या भिंतीला खाली एक दार, दारामागे टोपली, आणि ती टोपली उचलायला येणारा माणूस पुढच्या दारातून, जिन्यातून दिसू नये म्हणून मागची गल्ली. आमच्या धंद्यात याला बॅकएंड म्हणतात. युजरला फक्त फ्रंटएंड दिसला पाहिजे.

हे काम सुरुवातीला बरंचसं खासगी होतं. हलालखोर आणि घरमालक आपापसात ठरवायचे, अमुक घरं अमक्याची. नंतर म्युनिसिपालिटीने ते हातात घेतलं, लोकांकडून कर घ्यायला सुरुवात केली आणि हलालखोर नोकर झाले. यात कामगार बरेचसे गुजरात-काठियावाडाकडून आलेले, तर रस्ते झाडणाऱ्यांत महाराष्ट्रातल्या महार समाजाचे लोक बरेच. जात बघूनच भरती होत होती, त्यात लपवाछपवी काही नव्हती.

आता गंमत बघा. माझ्या कंपनीत नोटीस पिरियड ९० दिवसांचा आहे आणि त्यावर आम्ही कँटीनमध्ये रोज कुरकुरतो. १८९० साली मुंबई सरकारने एक कायदा केला, बॉम्बे म्युनिसिपल सर्व्हंट्स अॅक्ट. सफाईसारख्या कामातल्या नोकराने पूर्वसूचना न देता काम सोडलं, तर तो चक्क गुन्हा ठरवला गेला! आपला पगार कापतात, त्यांना कोर्टात उभं करायची सोय होती. ज्या माणसाला शिवायला शहर तयार नव्हतं, तो निघून जाईल याची शहराला इतकी धास्ती होती.

ही धास्ती खरी ठरायची वेळ सहा वर्षांत आली. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवीला डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कमिशनर स्नो याने रोग्यांना सक्तीने हॉस्पिटलात हलवायचा हुकूम काढला. शहरात घबराट पसरली. २९ ऑक्टोबरला सुमारे हजारभर गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर हल्ला केला (आजचं कस्तुरबा रुग्णालय). त्यानंतर स्नोने सक्ती लगेच सैल केली. त्याने प्लेगवर लिहिलेल्या अहवालात जी कारणं येतात, त्यातलं एक मोठं कारण म्हणजे सफाई कामगार आणि हलालखोर घाबरून शहर सोडून जातील ही भीती. ते गेले तर उरलेलं शहर राहण्यालायक उरणार नाही, हे त्याला स्वच्छ दिसत होतं.

पुढच्या काही महिन्यांत जवळजवळ निम्मी मुंबई गावाला पळाली. शेठ गेले, कारकून गेले, गिरणी कामगार गेले. घरगल्ल्यांत उतरणाऱ्यांना मात्र काम सोडलं तर कायदा आडवा होता. इतिहासाच्या पुस्तकात प्लेग म्हटलं की आपल्याला रँड आणि चापेकर आठवतात. मलाही तेवढंच माहीत होतं.

प्लेगने शहराला दोन गोष्टी दिल्या. एक म्हणजे १८९८चा इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती आणि बीआयटी चाळी त्याच्याच. यातल्याच परळच्या बीआयटी चाळीत डॉ. आंबेडकर वीसेक वर्षं राहिले, आणि १९३५मध्ये म्युनिसिपल कामगार संघ उभा केला तोही त्यांनीच.

दुसरी गोष्ट म्हणजे कचऱ्याची रेल्वे. आधी शहराचा केर शहरातल्याच सखल जागा भरायला वापरायचे. कामाठीपुऱ्याच्या आसपासची कितीतरी जमीन अशीच केराची आहे. प्लेगनंतर केर दूर न्यायचं ठरलं. महालक्ष्मीला गाड्या भरायच्या आणि थेट चेंबूरच्या दलदलीत नेऊन ओतायच्या. कुर्ला-चेंबूर रेल्वेमार्ग १९०६मध्ये टाकला तो या कचऱ्यासाठी. माणसांसाठी तो खुला झाला १९२४ला! हार्बर लाइनला लटकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं :) देवनारचं डंपिंग ग्राउंड १९२७पासूनचं धरलं जातं. जानेवारी २०१६मध्ये तिथे आग लागली तेव्हा धूर उपग्रहातून दिसत होता.

या सगळ्यात एक गोष्ट वाचून मी खुर्चीतून उडाले. माटुंग्याला (आजच्या वडाळ्याला) ॲक्वर्थ कुष्ठधाम आहे. १८९०च्या दशकाच्या अखेरीस तिथे कार्किट जेम्स या म्युनिसिपल इंजिनियरने सेप्टिक टँक बांधून त्यातल्या गॅसवर इंजिन चालवलं, दिवे लावले. बायोगॅस! सव्वाशे वर्षांपूर्वी, वडाळ्यात! म्हणजे अक्कल होती, तंत्र होतं. ते चाळीच्या मागच्या गल्लीपर्यंत आलं नाही, कारण तिथे टोपली उचलणारा माणूस स्वस्तात मिळत होता. यंत्र आणायची घाई कुणाला?

मला वाटतं सगळ्या गोष्टीची मेख इथे आहे. आपण या इतिहासाकडे पंप, पाइप आणि रेल्वे यांचा इतिहास म्हणून बघतो, पण दीडशे वर्षं खरी सिस्टिम माणसांवर चालली. आणि ती माणसं दिसणार नाहीत, सोडून जाणार नाहीत आणि महाग पडणार नाहीत, या तीनच गोष्टींसाठी शहराने गल्ल्या बांधल्या आणि कायदे केले.

'केले' असा भूतकाळ लिहिला खरा, पण पुढची गोष्ट आपल्या काळातली आहे. नव्वदच्या दशकात मुंबईच्या कचरा उचलण्यात कंत्राटदार आले. कामगारांना कामगार म्हणायचंच नाही, 'स्वयंसेवक' म्हणायचं, आणि पगाराला 'मानधन'. म्हणजे किमान वेतन नको, फंड नको, रजा नको. (पुन्हा डेसिग्नेशन!) कंत्राटी कामगारांच्या १९७०च्या कायद्यात वीस माणसांची अट होती, म्हणून कंत्राटं त्याच्या आतली छोटी छोटी केली, असं संघटनेचं म्हणणं होतं. ही संघटना म्हणजे मिलिंद रानडे यांचा कचरा वाहतूक श्रमिक संघ. २,७०० कामगारांसाठी त्यांनी कज्जा लढवला. औद्योगिक न्यायाधिकरणाने २०१४मध्ये कामगारांच्या बाजूने निकाल दिला, सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०१७मध्ये तो कायम केला. इतक्या वर्षांत त्यातले काही कामगार वारले होते.

हाताने मैला साफ करून घेण्यावर २०१३च्या कायद्याने बंदी आहे. तरी गटारात गुदमरून माणसं मरतात आणि ऑक्टोबर २०२३मध्ये सुप्रीम कोर्टाला अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख करावी लागली. बंदी असलेल्या कामात मेलेल्याची भरपाई किती, हा दर आपल्याकडे ठरलेला आहे.

असो. रविवारी दुपारी एवढं सगळं वाचून झाल्यावर मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली बघितलं. आमच्या घरगल्लीत सकाळी एक काका येतात. खराटा आणि एक लोखंडी पंजा, पायात गमबूट असले तर असले. मी जन्मल्यापासून इथे राहते, पण त्यांचं नाव मला माहीत नव्हतं. सोमवारी ऑफिसला जाताना थांबून विचारलं. ते आधी दचकले. त्यांना वाटलं मी तक्रार करणार आहे. नाव सांगितलं, आणि मग म्हणाले, "ताई, वरून बाटल्या टाकू नका सांगा, डोक्यात पडतात."

काल चाळीच्या मीटिंगमध्ये नव्या इमारतीचा नकाशा दाखवला. घरगल्ली नाही. सगळे पाइप एका बंद डक्टमधून, कामवाल्यांना वेगळी लिफ्ट, कचऱ्याची खोली तळघरात. सगळे खूश. मी विचारलं, "डक्ट तुंबली तर साफ करणारा माणूस आत कसा शिरणार? त्याला उभं राहायला जागा किती?"

आर्किटेक्टने नकाशाकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाला, "मॅडम, ते एजन्सी बघेल."

पुढची मीटिंग पंधरा दिवसांनी आहे. तोपर्यंत त्या डक्टची मापं मागवली आहेत.