पाठीवरची ऊब : हलक्या डाऊन स्लीपिंग बॅगची निवड

मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. नेमक्या याच दिवसांत जिल्ह्यातील महाविद्यालयीन तरुण, शिक्षक आणि नोकरदार मंडळी वर्धा किंवा सेवाग्राम स्थानकावरून दिल्लीची गाडी पकडतात आणि हिमाचल, उत्तराखंडच्या पदभ्रमण मोहिमांची वाट धरतात. घरातून निघताना अंगाची लाही होत असते. चार-पाच दिवसांनी तीच माणसे बर्फाशेजारच्या तंबूत कुडकुडत असतात. या दोन टोकांमधील रात्री सुखरूप काढण्याचे साधन म्हणजे स्लीपिंग बॅग. पाठीवरच्या सामानातील ही सर्वांत महागडी आणि सर्वांत कमी विचार करून घेतली जाणारी वस्तू होय.

पायी चालणे वर्ध्याला नवे नाही. १९५१ मध्ये विनोबा भावे याच परिसरातून पायी निघून तेलंगणातील शिवरामपल्लीला गेले आणि पुढे त्याच यात्रेत भूदानाचा आरंभ झाला. दूर चालायचे असेल तर ओझे कमी हवे, हा पदयात्रेचा पहिला धडा. पाठीवरचे ओझे शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत असावे, असा पदभ्रमण करणाऱ्यांचा ढोबळ नियम आहे. साठ किलो वजनाच्या व्यक्तीसाठी ही मर्यादा बारा किलोंची होते. त्यात तीन किलोंची रजई ठेवली, तर चौथा हिस्सा अंथरुणातच संपतो. डाऊन स्लीपिंग बॅगचे महत्त्व येथे कळते.

कापसाच्या जिल्ह्यातील माणसाला समजेल असे शास्त्र

कोणतेही पांघरूण स्वतः ऊब निर्माण करीत नाही. ऊब शरीराची असते; पांघरूण ती केवळ अडवून धरते आणि हे काम त्यात अडकलेली स्थिर हवा करते. हिंगणघाटचा कापूस एकोणिसाव्या शतकापासून बाजारात नावाजलेला आहे आणि जिल्ह्यातील घरोघरी रजया-गाद्या याच कापसाच्या. दोन-चार वर्षांनी रजई दबते, गठ्ठे होतात आणि थंडी लागू लागते. मग पिंजारी कापूस पुन्हा पिंजून देतो. वजन तेवढेच राहते, पण कापूस फुगतो, त्यात हवा शिरते आणि रजई पुन्हा उबदार होते. स्लीपिंग बॅगचे सारे शास्त्र या एका अनुभवात सामावले आहे.

डाऊन म्हणजे बदक किंवा पाळीव हंस यांच्या छाती-पोटावरील पिसांखालची मऊ लव. पिसाला असतो तसा ताठ कणा तिला नसतो. मध्यबिंदूपासून सर्व दिशांना पसरलेल्या सूक्ष्म तंतूंचा हा गोळा अत्यंत कमी वजनात पुष्कळ हवा धरून ठेवतो, दाबला की लहान होतो आणि सोडला की पुन्हा फुलतो. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच या गिर्यारोहकाने फुग्याच्या कापडात आयडर बदकाची लव भरून शिवलेला कोट वापरला होता. पुढे १९४० मध्ये अमेरिकेतील एडी बाउअर यांना लव भरलेल्या जाकिटाचे पेटंट मिळाले. तेव्हापासून थंड प्रदेशातील गिर्यारोहणात या भरणाला पर्याय शोधण्याचे प्रयत्न होत आले. परंतु वजनाच्या मानाने उबेच्या बाबतीत ते आजही आघाडीवर आहे.

फिल पॉवरचा अर्थ

बॅगेवर ६००, ७००, ८०० असे आकडे छापलेले असतात. या आकड्याला फिल पॉवर म्हणतात. एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम लव किती घन इंच जागा व्यापते, हे तो सांगतो. ६०० फिल पॉवरची २८ ग्रॅम लव सुमारे ९.८ लिटर, तर ८०० ची सुमारे १३.१ लिटर जागा भरते. मात्र हा आकडा भरणाचा दर्जा सांगतो, बॅगेची ऊब नव्हे. ऊब ठरविण्यासाठी आत एकूण किती ग्रॅम लव भरली आहे, हेही पाहावे लागते. ६०० दर्जाची ४०० ग्रॅम लव आणि ८०० दर्जाची ३०० ग्रॅम लव साधारण सारखीच जागा भरते. म्हणजे वरच्या दर्जासाठी मोजलेल्या जादा पैशांतून येथे १०० ग्रॅम वजन वाचले. दरवर्षी उंचावर जाणाऱ्यास ही बचत मोलाची वाटेल. प्रथमच जाणाऱ्यास ६०० ते ७०० चा दर्जा पुरेसा आहे.

वेष्टनावर ९०/१० किंवा ८०/२० असेही लिहिलेले असते. पहिला आकडा लवेचे आणि दुसरा लहान पिसांचे प्रमाण दाखवितो. पिसे अधिक असल्यास वजन वाढते आणि त्यांचे टोकदार कणे कापडातून बाहेर येतात.

जीवावर बेतणारा आकडा

स्लीपिंग बॅगेवरील तापमानाच्या आकड्यांबाबत सर्वाधिक गैरसमज आढळतो. युरोपात ईएन १३५३७ हे मानक लागू झाले आणि पुढे त्याची जागा आयएसओ २३५३७ या आंतरराष्ट्रीय मानकाने घेतली. त्यात तापविलेल्या पुतळ्यावर चाचणी घेऊन प्रामुख्याने तीन तापमाने ठरवितात. पहिले ‘कम्फर्ट’ : या तापमानात सर्वसाधारण स्त्री सैल अंगाने आरामात झोपू शकते. दुसरे ‘लिमिट’ : यात सर्वसाधारण पुरुष अंग मुडपून कशीबशी रात्र काढतो. तिसरे ‘एक्स्ट्रीम’ : यात झोपेची अपेक्षाच नसते, काही तास जीव तगेल, पण हिमदंश आणि शरीराचे तापमान धोकादायक रीत्या घसरण्याची भीती राहते.

स्वस्त बॅगांवर अनेकदा हा तिसरा आकडा ठळक छापलेला असतो. ‘उणे १०’ वाचून घेतलेल्या बॅगेचे कम्फर्ट तापमान प्रत्यक्षात अधिक ५ किंवा त्याहूनही वर निघू शकते. खरेदी करताना कम्फर्टचाच आकडा पाहावा; तो छापलेलाच नसेल, तर त्या बॅगेवर उंचावर विसंबू नये. हे आकडे अंगात कोरडे आतले कपडे आणि खाली मॅट आहे असे गृहीत धरून काढलेले असतात, हेही ध्यानात ठेवावे. दमलेल्या, उपाशी किंवा ओल्या व्यक्तीला त्याच बॅगेत अधिक थंडी वाजते.

शरीराचे आतील तापमान ३५ अंशांखाली गेले की त्या अवस्थेस हायपोथर्मिया म्हणतात. अनावर थरथर, अडखळते बोलणे, झोकांड्या आणि मंदावलेला विचार ही तिची लक्षणे. थंडी कायम असताना थरथर थांबणे हे बरे होण्याचे नव्हे, तर प्रकृती बिघडल्याचे चिन्ह मानावे.

किती उबेची बॅग हवी?

समुद्रसपाटीपासून दर १००० मीटर उंचीला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. हिमाचलातील कसोल सुमारे १६०० मीटरवर आहे, तर तेथून केल्या जाणाऱ्या सार पासची उंची सुमारे ४२०० मीटर. केवळ उंचीमुळे १७ अंशांचा फरक पडतो. वारा आणि बर्फ वेगळेच. पायथ्याशी रात्री १० अंश असतील, तर वरच्या मुक्कामी पारा शून्याखाली जाणार, असा हिशेब घरी बसूनच करता येतो. अपेक्षित किमान तापमानापेक्षा पाचेक अंश खालचे कम्फर्ट तापमान असलेली बॅग निवडणे शहाणपणाचे.

वर्धा जिल्ह्यात मात्र डाऊनची निकड नाही. हिवाळ्यातील रात्री पारा साधारण १० ते १२ अंशांवर आणि क्वचित त्याखाली येतो. अशा वेळी साधी पातळ बॅग किंवा घरची दुलईही पुरते. बोर अभयारण्यास २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला असून, तेथे मनास येईल तेथे तंबू ठोकता येत नाही. चिखलदऱ्याच्या थंडीत किंवा सह्याद्रीतील हिवाळी मुक्कामात हलकी बॅग उपयोगी पडते. पावसाळ्यातील सह्याद्रीसाठी मात्र डाऊन अयोग्यच, कारण ओलावा हा तिचा मोठा शत्रू आहे.

ओली लव आणि कृत्रिम धागा

भिजलेली लव गोळा होते. तिच्यातील हवा निघून जाते आणि ऊबही संपते. ती वाळण्यासही फार वेळ लागतो. पाणी दूर ठेवणारी प्रक्रिया केलेली लव काही काळ तग धरते, पण पूर्ण भिजल्यास तिचाही उपयोग राहत नाही. पॉलिस्टरचे पोकळ धागे भरलेली बॅग ओलसर असतानाही बऱ्यापैकी ऊब देते, लवकर वाळते आणि पुष्कळ स्वस्त मिळते. उणिवा दोन : शून्याच्या आसपासच्या थंडीसाठी डाऊनची बॅग साधारण एक किलोची असेल, तर कृत्रिम धाग्याची दीड ते दोन किलोंची होते. शिवाय ती पाठपिशवीत जागा अधिक घेते आणि वारंवार दाबल्याने तिचा फुगीरपणा लवकर जातो. ‘डाऊनसारखे’ किंवा ‘मायक्रोफायबर’ असे लिहिलेले भरण हे कृत्रिम धागेच असतात, हे ओळखून त्यानुसार किंमत द्यावी.

शिवण, आकार आणि मॅट

लव एका जागी गोळा होऊ नये म्हणून बॅगेत कप्पे केलेले असतात. वरचे आणि आतले कापड थेट एकमेकांस शिवले असेल, तर शिवणीच्या रेषेवर भरण उरत नाही आणि तेथून थंडी शिरते. अशी बॅग हलकी व स्वस्त, पण सौम्य थंडीपुरतीच. दोन कापडांमध्ये उभ्या पट्ट्या घालून केलेले कप्पे कडक थंडीत उपयुक्त. चेनच्या मागे लव भरलेली पट्टी, डोक्यावर आवळता येणारी टोपी आणि पायांकडे पुरेशी जागा आहे की नाही, हेही तपासावे.

खांद्याशी रुंद व पायांशी निमुळता असा ‘ममी’ आकार वजन वाचवितो. बॅग फार मोठी असल्यास आतील रिकामी हवा तापविण्यात शरीराची ऊब खर्च होते. फार घट्ट असल्यास लव आतूनच दबते. म्हणून दुकानात बॅगेत शिरून, चेन लावून, कूस बदलून पाहण्यात संकोच करू नये. बॅग पिशवीतून काढल्यावर तासभर मोकळी ठेवावी. त्यानंतरही ती फुलत नसेल, तर भरण निकृष्ट समजावे.

अंगाखाली दबलेली लव निरुपयोगी ठरते. जमिनीची थंडी अडविण्याचे काम मॅटचे आहे. तिची क्षमता आर-मूल्याने मोजतात. सौम्य थंडीत २ ते ३ आणि बर्फाजवळ ४ किंवा अधिक आर-मूल्य हवे. महागडी बॅग आणि कागदासारखी मॅट ही जोडी रात्रभर पाठ गारठविते.

लव येते कोठून?

डाऊन बहुतांशी मांसासाठी पाळलेल्या पक्ष्यांपासून मिळते. काही ठिकाणी जिवंत पक्ष्यांच्या अंगावरून ती उपटली जाते, असे उघडकीस आल्यानंतर २०१४ मध्ये ‘रिस्पॉन्सिबल डाऊन स्टँडर्ड’ हे प्रमाणपत्र सुरू झाले. जिवंतपणी लव उपटणे आणि पक्ष्यांना बळजबरीने खाऊ घालणे त्यात निषिद्ध आहे. वस्तू वापरण्यापूर्वी तिच्यासाठी प्राण्याचे काय झाले, हा प्रश्न वर्ध्यात पूर्वीच विचारला गेला आहे. १९३० च्या दशकात गांधीजींच्या प्रेरणेने गोपाळराव वाळुंजकर यांनी वर्ध्याजवळ नालवाडी येथे चर्मालय चालविले. तेथे नैसर्गिक मृत्यू आलेल्या जनावरांचेच कातडे कमावले जाई. प्रमाणपत्र असलेली लव त्या कसोटीस उतरत नाही, कारण पक्षी मांसासाठी मारलेलाच असतो. छळ टाळल्याची हमी तेवढी ती देते. ज्यांना एवढे पुरेसे वाटत नाही, त्यांनी जादा वजन पत्करून कृत्रिम धाग्याची बॅग घ्यावी.

वापर आणि निगा

झोपण्यापूर्वी काहीतरी खावे, चालताना घामेजलेले कपडे बदलावेत आणि गरम पाण्याची घट्ट झाकणाची बाटली पायांशी ठेवावी. तोंड बॅगेत घेऊन झोपू नये. श्वासातील बाष्पाने लव ओलसर होते. आत रेशमी लायनर वापरल्यास बॅग स्वच्छ राहते आणि थोडी ऊबही वाढते. सुती लायनर स्वस्त असते, परंतु जड होते.

घरी परतल्यावर बॅग दाबून भरलेल्या पिशवीत ठेवू नये. सुती कापडाच्या मोठ्या, सैल थैलीत ती फुललेली राहू द्यावी. पावसाळ्यात ओल आणि कसर यांपासून जपावे, कारण लव प्राणिज असल्याने तिला लोकरीप्रमाणेच कीड लागते. उन्हाळ्यात गाद्या-रजया कडक उन्हात टाकण्याची विदर्भातील चाल येथे उपयोगाची नाही. तीव्र उन्हाने नायलॉनचे पातळ कापड विरते. बॅग सावलीत, हवेशीर जागी वाळवावी. धुणे शक्यतो क्वचित, लवेसाठीच्या सौम्य साबणाने करावे. ओली बॅग एका टोकाला धरून उचलू नये, कारण पाण्याच्या भाराने आतले कप्पे फाटतात.

अशी काळजी घेतल्यास डाऊनची बॅग अनेक वर्षे टिकते. मात्र आयुष्यात एकदाच हिमालयात जाणाऱ्याने ती विकत घेण्याची घाई करू नये. अनेक पदभ्रमण संस्था मुक्कामी बॅगा पुरवितात. काही ठिकाणी त्या भाड्यानेही मिळतात. अशा वेळी स्वतःचे लायनर न्यावे आणि बॅग हाती पडताच चेन व फुगवटा तपासून घ्यावा. दरवर्षी जाणाऱ्याने कम्फर्ट तापमान, एकूण वजन, भरणाचे प्रमाण, आकार आणि किंमत या क्रमाने विचार करावा. दुकानात किमतीचा आकडा प्रथम दिसतो. चार हजार मीटर उंचीवर मध्यरात्री आठवतो तो तापमानाचा.