हॉलंडमधील विज्ञान-दुकाने

विद्यापीठांनी समाजास ज्ञानदान करावे, हा विचार पुरातन आहे. परंतु ज्यांच्यापाशी द्रव्य नाही अशा माणसांनी आपला प्रश्न घेऊन विद्यापीठाकडे यावे, आणि त्याच प्रश्नावर एखाद्या विद्यार्थ्याने आपल्या पदवीचा प्रबंध सिद्ध करावा, ही ‘विज्ञान-दुकान’ नावाची व्यवस्था अर्वाचीन असून तिचा उगम 1970 च्या दशकाच्या आरंभी हॉलंडमध्ये झाला.

1969 च्या मे महिन्यात ॲमस्टरडॅम विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी प्रशासनाची इमारत ताब्यात घेऊन कारभारात वाटा मागितला, आणि पुढल्याच वर्षीच्या कायद्याने विद्यापीठांच्या मंडळांत त्यांना प्रतिनिधित्व लाभले. तथापि प्रयोगशाळेतील विद्या सरकार, लष्कर व कारखानदार यांच्याच कामी का यावी, असे ज्यांना तीव्रतेने वाटत होते, त्यांचे समाधान मंडळातील एखाद्या जागेने होण्यासारखे नव्हते. उत्रेख्त येथील रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी नागरिकांच्या प्रश्नांवर स्वतःच काम करण्यास प्रारंभ केला. 1977 मध्ये ॲमस्टरडॅम विद्यापीठात असे विज्ञान-दुकान रीतसर स्थापन झाले, आणि थोड्याच वर्षांत हा प्रघात देशातील बहुतेक विद्यापीठांत रूढ झाला.

कामगार संघ, पर्यावरणवादी मंडळे, वस्त्यांतील रहिवासी असे जे अर्जदार येत, त्यांना तीन अटी असत: संशोधनाचा खर्च सोसण्याची त्यांची ऐपत नसावी, प्रश्नामागे व्यापारी हेतू नसावा, आणि हाती येणाऱ्या निष्कर्षाचा उपयोग करून घेण्याचे सामर्थ्य त्यांच्या संघटनेत असावे. पहिल्या दोन अटींत न्यायबुद्धी आहे, तर तिसरीत व्यवहाराची जाण आहे. कारण ज्याच्या आधारे कोणी दाद मागणार नाही, तो अहवाल कितीही विद्वत्तापूर्ण असला तरी दफ्तरातच पडून राहतो.

या व्यवस्थेचा खरा आधार अर्जदार व विद्यापीठ यांना जोडणारा दुकानातील मध्यस्थ हा होता. 1980 मध्ये लेकरकर्क या गावी रासायनिक कचरा पुरलेल्या जागेवर घरे उभी राहिल्याचे उघड होऊन शेकडो कुटुंबांना ती सोडावी लागली. तशीच आपल्याही पायाखालची जमीन विषारी आहे काय, अशी धास्ती घेऊन जेव्हा रहिवासी येत, तेव्हा कोणते द्रव्य, किती खोलीवर, किती प्रमाणात, आणि त्याचा संसर्ग कोणास, असे मोजता येण्याजोगे रूप त्या धास्तीला देणे, त्या विषयाचा प्राध्यापक शोधून त्याची संमती मिळवणे, विद्यार्थी नेमणे आणि अखेरीस निष्कर्ष सर्वांस समजेल अशा भाषेत अर्जदारांपुढे ठेवणे, ही सारी जबाबदारी मध्यस्थाची असे.

पुढे आरंभीच्या स्वयंसेवकांचा आवेश ओसरला, खर्चाला कात्री लागली आणि कित्येक दुकाने बंद पडली. तरी ग्रोनिंगेन, वागेनिंगेन येथे ती तग धरून राहिली, आणि तोवर डेन्मार्क, जर्मनी, ऑस्ट्रिया, उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट येथेही त्यांचे अनुकरण झाले होते. हे काम उपकार म्हणून न करता अभ्यासक्रमाचे अंग मानले गेले, त्यास गुण मिळू लागले, म्हणूनच ते चळवळीच्या भरतीनंतरही चालू राहू शकले, असे माझे मत आहे. लोकांच्या प्रश्नात गुंतल्याने विद्येची शिस्त सैल होते, असा आक्षेप विद्वान घेतात. वस्तुतः ज्या प्रबंधाची वाट परीक्षकाखेरीज एखादी वस्तीही पाहत असते, त्यातील प्रत्येक मोजमाप विद्यार्थी अधिक काटेकोरपणे तपासतो, कारण त्याच्या चुकीचा भुर्दंड कोणाला सोसावा लागेल, हे त्याला ठाऊक असते.