धुराशिवायचा अग्नी

गेल्या उन्हाळ्यात बुटीबोरीतल्या आमच्या घरचा जुना संगणक काळ्या पडद्यावर एक ओळ लिहून थांबला: 'ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड'. आत न्यायदर्शनावरच्या आमच्या टिपणांची एकुलती एक प्रत. शेजारचा मुलगा म्हणाला, "सर, विंडोज उडालं, फॉरमॅट मारून देतो." आम्ही त्याला थांबवलं. का, ते कळायला थोडं मागं जावं लागेल.

१९५६ साली आयबीएमची रॅमॅक आली. दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या, आणि साठवण केवळ ५० लाख अक्षरांची! पुढं डिस्क आक्रसली, बंद डबीत गेली. १९८३ साली पीसी-डॉस २.० बरोबर एक मांडणी रूढ झाली. डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत ४४६ बाइट सुरुवातीच्या आज्ञा, ६४ बाइट विभागांचा तक्ता आणि शेवटी दोन बाइटांची खूण. बायॉस आधी हेच पान वाचतं. ते वाचता आलं नाही, की तक्रार. पण केबल सैल असली, बटण-सेल संपून सेटिंग पुसलं गेलं, किंवा डिस्कचा पृष्ठभागच झिजला, तरी ओळ बहुधा तीच येते. म्हणून पहिला प्रश्न हा, की बायॉसमध्ये डिस्कचं नाव दिसतं का? आमच्याकडे दिसत होतं, पण फार उशिरा, आणि आतून टिकटिक येत होती. म्हणजे दुखणं विंडोजचं नव्हतंच.

डिस्कनं स्वतःची नाडी स्वतःच मोजावी, ही कल्पना आयबीएमनं १९९२ मध्ये आणली. तिचंच पुढं 'स्मार्ट' झालं. खराब झालेले किती सेक्टर बदलले, किती संशयास्पद आहेत, याची मोजणी ती ठेवते. मग निदान सोपं झालं असेल ना? २००७ साली गूगलच्या संशोधकांनी लाखाहून जास्त डिस्क तपासल्या. बंद पडलेल्यांपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कमध्ये, तापमान सोडलं तर, एकाही मोजणीत काही उमटलेलं नव्हतं.

आमचे नैयायिक हे केव्हाच सांगून गेलेत. धूर आहे तिथं अग्नी आहे; पण अग्नी आहे तिथं धूर असेलच असं नाही. त्यांचं उदाहरण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्याचं. वर्गात ते सांगताना मागच्या बाकावर हमखास जांभया यायच्या. आमच्या डिस्कची 'स्मार्ट' नोंद तर 'ठीक' म्हणत होती! आम्ही कानांवर विश्वास ठेवला.

मरत्या डिस्कवर काही लिहायचं नाही. फॉरमॅट नको, दुरुस्तीही नको, आधी नक्कल. डीडीरेस्क्यू नावाची मोफत आज्ञावली आधी सहज वाचता येईल तेवढं उचलते, अडलेल्या जागांकडे मागाहून वळते. त्या मुलानंच ती दुसऱ्या संगणकावर चालवली, दोन रात्री. बरीचशी टिपणं आली. अनुमानावरच्या दोन फायली मात्र अर्धवट निघाल्या. त्या आता आम्ही वहीत, हातानं, पुन्हा लिहितो आहोत.