फोन सोडून मिररलेस कॅमेरा घ्यायचाय? आधी हे समजून घ्या

"फोनचा कॅमेरा पुरे झाला, आता मिररलेस घेऊ का?" हा प्रश्न तुमच्याही मनात कधीतरी आला असेल. माझ्याही मनात आला आणि मी सोनी झेडव्ही-ई१० घेतला. पहिलं मोठं शूटिंग केलं ते आमच्या सक्करदऱ्यातल्या गल्लीतल्या तान्ह्या पोळ्याचं. भाचा पहिल्यांदाच लाकडी बैल सजवून घरोघरी बोजारा मागायला निघाला होता. रात्री व्हिडिओ लॅपटॉपवर लावला तर मंडपातल्या प्रत्येक शॉटमध्ये काळे पट्टे वरखाली सरकत होते. बहिणीने मोबाईलवर काढलेला व्हिडिओ मात्र एकदम साफ. ती म्हणाली, "दादा, याच्यापेक्षा माझा मोबाईलच बरा ना!"

कॅमेरा खराब नव्हता, सेटिंग चुकलं होतं. पण तो दिवस परत येत नाही. म्हणून ही माहिती तुम्हाला आधीच मिळालेली बरी.

मिररलेस म्हणजे काय?

डीएसएलआर कॅमेऱ्यात लेन्समधून आलेला प्रकाश एका तिरप्या आरशावर आदळून व्ह्यूफाइंडरमध्ये जातो. फोटो काढताना आरसा वर उचलला जातो आणि प्रकाश सेन्सरवर पडतो. मिररलेसमध्ये हा आरसाच नसतो. सेन्सरवर जे दिसतं तेच थेट स्क्रीनवर येतं, अगदी फोनसारखं. त्यामुळे बॉडी लहान होते, पण लेन्स मात्र बदलता येते. या प्रकाराची सुरुवात २००८ मध्ये पॅनासोनिकच्या ल्युमिक्स जी१ पासून झाली असं मानलं जातं. २०२१ मध्ये आलेला झेडव्ही-ई१० बॅटरी आणि कार्डासह साधारण ३४३ ग्रॅमचा आहे. १६-५० ची किट लेन्स लावली तरी अर्ध्या किलोच्या आत.

फोनपेक्षा जास्त काय मिळतं?

पहिली गोष्ट म्हणजे मोठा सेन्सर. या कॅमेऱ्यातला एपीएस-सी सेन्सर २३.५ × १५.६ मिलिमीटरचा आहे. महागड्या फोनच्या मुख्य सेन्सरपेक्षा त्याचं क्षेत्रफळ साधारण पाच पट भरतं. दुसरी गोष्ट, लेन्स बदलायची सोय. तिसरी, बाहेरचा माईक लावायला ३.५ मिमीचा जॅक. बुधवार बाजाराच्या गर्दीत कुणाशी बोलायचं असेल तर चित्रापेक्षा आवाजाने जास्त फरक पडतो. त्यामुळे बजेटमध्ये कॉलर माईक धराच.

पण एक गैरसमज काढून टाका

"मोठा सेन्सर म्हणजे रात्रीचे फोटो आपोआप भारी" असं नसतं. फोन अंधारात एकामागून एक अनेक फोटो घेतो आणि ते जोडून एक साफ फोटो बनवतो. कॅमेरा सहसा हे करत नाही. त्यात किट लेन्स ५० मिमीवर एफ ५.६ इतकीच उघडते. एफ १.८ ची लेन्स त्याच्या जवळपास दहा पट प्रकाश आत घेते. मागचं धूसर आणि चेहरा स्पष्ट, असा फोटो हवा असेल तर खरी गंमत त्या लेन्सची आहे. म्हणजे खर्च बॉडीवर थांबत नाही, हे लक्षात ठेवा.

काळ्या पट्ट्यांचं रहस्य

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे बरेचसे ट्यूबलाइट आणि एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. आपल्या डोळ्यांना ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. माझा कॅमेरा एनटीएससीवर होता: ३० फ्रेम आणि शटर १/६०. हे गणित ६० हर्ट्झच्या देशांचं. फोन हे स्वतःच ओळखून सांभाळून घेतो, म्हणून बहिणीचा व्हिडिओ साफ आला.

उपाय सोपा आहे. मेन्यूत जाऊन पाल निवडा, २५ फ्रेम ठेवा आणि शटर १/५० किंवा १/१०० करा. हा बदल करताना काही कॅमेरे कार्ड फॉरमॅट करायला सांगतात, म्हणून आधी जुने फोटो काढून घ्या. झेडव्ही-ई१० वर याचा आणखी एक फायदा होतो. ४के मध्ये ३० फ्रेमला चित्र कडेने कापलं जातं, २५ ला पूर्ण रुंदी मिळते.

दुपारच्या उन्हात १/५० वर व्हिडिओ पांढराफटक होईल. तेव्हा लेन्सवर एनडी फिल्टर लावा. तो एक प्रकारे लेन्सचा गॉगलच. या किट लेन्सला ४०.५ मिमीचा बसतो.

नागपूरच्या उन्हात

बहुतेक कॅमेरे ४० अंशांपर्यंत वापरण्यासाठी बनवलेले असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो! ४के शूट करताना कॅमेरा तापून बंद पडू शकतो. मेन्यूत ऑटो पॉवर ऑफ टेंपरेचर 'हाय' केलं तर तो जास्त वेळ टिकतो. छोटे छोटे क्लिप घ्या, मध्ये सावलीत ठेवा आणि गाडीच्या डिक्कीत तर अजिबात ठेवू नका.

खरेदीआधीची यादी

- कार्ड: १०० एमबीपीएसच्या ४के साठी यू३ किंवा व्ही३० लिहिलेलं घ्या. एका मिनिटाला साधारण ७५० एमबी लागतात.
- बॅटरी: व्हिडिओला साधारण सव्वा तास धरा. एक जास्तीची हवीच.
- स्थिरता: या बॉडीत सेन्सर स्टॅबिलायझेशन नाही. चालता चालता शूट केलं तर हलतं. डिजिटल स्टॅबिलायझेशन लावलं तर चित्र आणखी कापलं जातं.
- व्ह्यूफाइंडर: या मॉडेलमध्ये नाही, आणि भर उन्हात स्क्रीन नीट दिसत नाही.

मग घ्यायचा की नाही?

फक्त रील्स आणि स्टेटससाठी हवा असेल तर फोन पुरेसा आहे, ते पैसे माईकवर लावा. पण फोटोग्राफी शिकायची असेल, मुलाखती किंवा लग्नाची कामं करायची असतील तर जरूर घ्या. मात्र आधी एक दिवस भाड्याने आणा किंवा मित्राकडून मागून घ्या. संध्याकाळी सक्करदरा तलावावर, रात्री घरातल्या ट्यूबलाइटखाली आणि दुपारी रस्त्यावर शूट करा. मग ते मोबाईलवर नाही, मोठ्या स्क्रीनवर बघा.

आणि घरचा कार्यक्रम असेल तर आदल्या रात्री त्याच जागी, त्याच लाइटमध्ये दहा सेकंदांचा एक क्लिप घेऊन बघा. मी तेवढं केलं असतं तर भाच्याचा पहिला तान्हा पोळा आज माझ्याकडेही असता. सध्या तो फक्त बहिणीच्या फोनमध्ये आहे.