छापील कागद, टपाल आणि दारावरचा माणूस

छापखाना, टपाल आणि बाजार यांची भागीदारी आपल्याकडे दीडशे वर्षांहून जुनी आहे. या भागीदारीत एखादे नवे यंत्र शिरले की, आता कागद संपला, आता टपाल बुडाले, अशी हाकाटी होते. प्रत्यक्षात काय घडले ते पाहावे. विजेच्या वेगाने जाणारी तार जुलै २०१३ मध्ये बंद झाली; पायी चालत येणारे पोस्टकार्ड आजही मिळते. तेव्हा 'नवे जुन्याला मारते' एवढ्या सूत्राने हा इतिहास उलगडत नाही.

मी कामगार चळवळीतला माणूस. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि गेटसभांत झाले. त्यामुळे यंत्र काय करते, यापेक्षा त्या यंत्राने खाली ठेवलेले ओझे कोणाच्या डोक्यावर जाते, हा प्रश्न मला आधी सुचतो. छापील जाहिरात आणि टपाल यांच्या बाबतीत हे ओझे विश्वासाचे आहे, असे माझे म्हणणे आहे. ते कसे, हे सालावारीने मांडतो.

१८५४ पूर्वी टपालाचा आकार अंतरावर ठरत असे. त्या वर्षीच्या कायद्याने ती रीत मोडली. पाव तोळ्यापर्यंतचे पत्र, मग ते ठाण्यास जावो की कलकत्त्यास, अर्ध्या आण्यात जाऊ लागले. वर्षभर आधी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली होती. गणपत कृष्णाजींच्या शिळाछापाने मराठी पंचांगे घरोघर नेली होती. १८६९ मध्ये जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना उभा राहिला. १८७९ साली पाव आण्याचे पोस्टकार्ड आले आणि पुढच्याच वर्षी मनिऑर्डर. स्वस्त छपाई, स्वस्त टपाल आणि आगगाडी ही तिन्ही एका पिढीत जुळून आली. दुकानदाराचा आवाज त्याच्या पेठेबाहेर गेला.

आवाज गेला, पण माल कसा जाणार? चिपळूणच्या गिऱ्हाइकाने मुंबईच्या दुकानदाराला कधी पाहिलेले नाही. आधी पैसे पाठवावेत, तर पुस्तक येईलच याचा भरवसा नाही. आधी पुस्तक पाठवावे, तर पैसे येतीलच याचा भरवसा नाही. पेठेतल्या व्यवहारात ओळख हीच तारण असते. छापील जाहिरातीने नेमकी ती ओळखच काढून घेतली होती.

या कोड्याचे उत्तर टपालखात्याने १८७७ साली दिले. ते म्हणजे व्हॅल्यू पेएबल पोस्ट, आपल्या बोलीत 'व्ही. पी.' पाठवणाऱ्याने मालाची किंमत लिहून पार्सल टपालात द्यायचे; पोस्टमनने ते गिऱ्हाइकाच्या दारी न्यायचे, पैसे मोजून घ्यायचे, मगच पार्सल हाती द्यायचे; आणि खात्याने आपली हक्कसाई घेऊन रक्कम मनिऑर्डरीने पाठवणाऱ्याकडे धाडायची. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली, म्हणजे अवघी दोनच वर्षे आधी. व्याख्यानाने ज्ञान शहरातल्या श्रोत्यापर्यंत गेले, व्ही. पी. ने पुस्तक, औषध आणि घड्याळ आडगावच्या उंबऱ्यापर्यंत गेले.

अमेरिकेशी तुलना केली म्हणजे या युक्तीचे मोल कळते. तेथे माँटगोमेरी वॉर्ड यांनी १८७२ साली आपल्या मालाची यादी एका कागदावर छापून टपालाने शेतकऱ्यांना पाठवली, आणि १८७५ साली पसंत न पडल्यास पैसे परत देण्याची हमी दिली. तेथे विश्वासाचा भार विकणाऱ्या पेढीने उचलला. माल देऊन दारात पैसे घेण्याची सोय अमेरिकी टपालखात्याने १ जुलै १९१३ रोजी सुरू केली. आपल्याकडे ती ३६ वर्षे आधी आली होती. आपल्याकडे हा भार सरकारी खात्याच्या नावावर, परंतु वस्तुतः पोस्टमनच्या खांद्यावर गेला. तो निरोप्या होता; आता तो वसुलीकारकूनही झाला. पार्सल सांभाळायचे, रोकड सांभाळायची, हिशेबात पै कमी भरली तर जाबही त्यानेच द्यायचा. आपण 'व्ही. पी. सोडवून घेतली' असे म्हणतो. जणू काही एखादी अडकलेली वस्तू मोकळी केली. ती मोकळी होईपर्यंत तिचा जामीन असे तो पोस्टमन.

अर्थात या पद्धतीला दुसरी बाजू होती. गिऱ्हाइकाने 'नको' म्हटले की पार्सल आल्या वाटेने परत जाई आणि हशील प्रकाशकाच्या अंगावर पडे. परत आलेल्या व्ही. पीं. चा ढीग हे लहान प्रकाशकाचे जुने दुखणे आहे.

मुंबईच्या पेढीला जे जमले ते खेड्यातल्या कारखान्यालाही जमते, हे किर्लोस्करवाडीने दाखवले. १९१० साली माळावर वसलेल्या या कारखान्याने १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' काढली. मूळ हेतू कारखान्याच्या मालाची माहिती देण्याचा, म्हणजे शुद्ध व्यापारी. पण शंकरराव किर्लोस्करांनी तिला असे रूप दिले की तिचे १९२९ साली 'किर्लोस्कर' मासिक झाले, १९३० साली 'स्त्री' आली आणि १९३४ साली 'मनोहर'. नांगराच्या जाहिरातीतून महाराष्ट्राला विचारांची मासिके मिळाली! जाहिरातीचा कागद हा नेहमीच रद्दीचा कागद नसतो, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

येथे एका कायद्याची आठवण करून देणे अगत्याचे आहे. १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्याने प्रत्येक छापील पुस्तकावर व कागदावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण घालणे बंधनकारक केले. परक्या सरकारचा हेतू पाळत ठेवण्याचा होता, यात संशय नको. परंतु वाचकाला त्यातून एक हक्क अनायासे मिळाला : हा कागद कोणाचा, हे त्या कागदाच्या तळाशी वाचता येऊ लागले. आम्ही संघटनेची पत्रके छापतो, तेव्हा तळची ती बारीक ओळ आधी तपासतो. व्यवस्थापनाला ती ओळ आमच्याविरुद्ध वापरता येते हे खरे. पण त्या ओळीमुळेच कामगार पत्रकावर विश्वास ठेवतो.

अशा रीतीने टपालाने आलेल्या छापील कागदाला दोन जामीन होते. एक तळाशी छापलेले नाव, दुसरा दारात उभा असलेला माणूस. पुढची सारी यंत्रे या दोन जामिनांभोवती फिरतात.

१५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड आला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपालखात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवीही. एकाच नावाची अनेक गावे आणि अनेक लिप्यांतले पत्ते यांतून त्यांनी सहा अंकांची वाट काढली. पहिला अंक विभागाचा, पहिले तीन मिळून वर्गवारीच्या जिल्ह्याचे, शेवटचे तीन वाटपाच्या कचेरीचे. पत्ता वाचणाऱ्याचे श्रम यामुळे हलके झाले. पण पत्त्याचा आकडा झाला की तो यंत्रालाही मोजता येतो, गटवार लावता येतो आणि विकताही येतो. संगणक कचेऱ्यांत रुळल्यावर हेच झाले. नावांची यादी हे भांडवल बनले. एकच मजकूर, परंतु प्रत्येक पत्रावर 'प्रिय अमुक' असे निराळे नाव. १९९३ नंतर आलेल्या डिजिटल छपाईयंत्रांवर तर प्रत्येक प्रतीचे चित्र आणि मजकूरही निराळा करता येऊ लागला. जाहिरातीला पुन्हा ओळखीचा सूर सापडला. मात्र ही ओळख एकतर्फी होती.

त्यानंतरची पायरी क्यूआर कोडची. हा चौकोन १९९४ साली जपानमध्ये डेन्सो वेव्ह कंपनीत जन्मला, तो मोटारीच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठी. कारखान्यातली ही खूण पुढे टपालात शिरली. अमेरिकी टपालखात्याने २०११ च्या उन्हाळ्यात, मोबाइलने वाचता येणारा कोड छापलेल्या व्यापारी टपालाला ३ टक्के सूट दिली. २०१७ पासून तेथे पाकीट दारात येण्याआधी त्याचे चित्र संगणकावर पाहण्याची सोय देशभर झाली. आपल्याकडे १ सप्टेंबर २०१८ पासून टपालखात्याची पेमेंट्स बँक देशभर निघाली आणि पोस्टमन हातात मोबाइल घेऊन दारातच पैशाची देवघेव करू लागला. १८७७ चे काम नव्या उपकरणाने पुन्हा त्याच्याच हाती आले, हे पाहून गंमत वाटते.

म्हणजे कागद यंत्राला हरला नाही. कागद यंत्राचे दार झाला. आनंद आहे. पण दोन जामिनांचे काय झाले?

पहिला जामीन पाहा. चौकोनावर बोट ठेवून मुद्रकाचे नाव वाचता येत नाही. माणसाच्या डोळ्याला न वाचता येणारा असा हा छापील मजकूर सामान्य घरात आला आहे. त्यामागे पेढी आहे की भामटा, हे उघडल्यावाचून कळत नाही. १८६७ चा कायदा तर आता राहिला नाही; १ मार्च २०२४ पासून त्याच्या जागी आलेला कायदा नियतकालिकांपुरता आहे. वाचकाच्या नावपत्त्याच्या संरक्षणासाठी २०२३ साली कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम निघाले, ही चांगली गोष्ट. पण कायदा कागदावर असतो आणि यादी बाजारात.

दुसरा जामीन म्हणजे दारावरचा माणूस. ११ जुलै १९४६ रोजी पोस्टमन आणि कनिष्ठ टपाल कामगारांनी देशव्यापी संप पुकारला, तो हा माणूस मोजला जावा म्हणूनच. आज देशातील सुमारे १ लाख ६४ हजार टपालकचेऱ्यांपैकी बहुसंख्य खेड्यांत आहेत, आणि तेथील भार ग्रामीण डाकसेवकांवर आहे. ते नागरी पदावर आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली सांगितले. तरी खात्याचे नियमित नोकर म्हणून त्यांची गणना नाही. शहरात दुचाकीवर पार्सले पोचवणाऱ्या तरुणाची तर 'कामगार' या शब्दासाठीच झुंज चालू आहे. दारात रोकड तोही घेतो; व्ही. पी. चा तो नातूच म्हणा ना!

म्हणून मागणी दोनच कलमांची आहे. प्रत्येक छापील चौकोनाखाली, साध्या डोळ्यांना वाचता येईल अशा अक्षरांत, पाठवणाऱ्याचे नाव आणि पत्ता असावा. आणि जो माणूस तो कागद किंवा ते पार्सल आपल्या उंबऱ्यापर्यंत आणतो, त्याला नोकरीची हमी, निवृत्तिवेतन आणि अपघाताची भरपाई मिळावी. यंत्राला विरोध करण्याचे कारण नाही. १८५४ च्या अर्ध्या आण्याला विरोध करून कोणाचे भले झाले असते? मात्र जो विश्वास वाहतो, त्याला त्या ओझ्याची मजुरी मिळाली पाहिजे, एवढे आपण नागरिकांनीही म्हटले पाहिजे.