बूटलोडरने ताबा सोपवताना

१. ग्रब हा बूटलोडर लिनक्सचा कर्नल स्वतः मेमरीत आणतो. विंडोजच्या कर्नलला मात्र तो हात लावत नाही, मायक्रोसॉफ्टचा बूट मॅनेजर तेवढा सुरू करून देतो. हा फरक महत्त्वाचा आहे. यूईएफआय संगणकावर फर्मवेअरच्या बूट सेवा बंद करण्याचे काम साखळीतल्या शेवटच्या लोडरचे किंवा खुद्द कर्नलचे असते. मधल्याने त्या आधीच बंद केल्या, तर पुढच्याला डिस्क वाचण्याचीही सोय उरत नाही. सेवा बंद करताना मेमरीच्या ताज्या नकाशाची की द्यावी लागते. दरम्यान नकाशा बदलला असेल, तर फर्मवेअर नकार देते. अशा वेळी नकाशा पुन्हा घेऊनच पुढे जावे, नकाराकडे कधीही दुर्लक्ष करू नये.